डब्याखालचा कागद

हे प्रकरण आमच्याच चर्चच्या मंडळीत घडलं. मी तेव्हा खजिनदार होतो आणि यातल्या बहुतेक बैठकांना हजर होतो. नावं दिलेली नाहीत, रुग्णालयाचंही नाही. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. सेवा करता करता विश्वासाची साक्ष कशी द्यायची, हा प्रश्न जिथे जिथे पडतो तिथे कुणाला उपयोग होईल, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

म्हापशाच्या आसपास राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची ही लहानशी मंडळी. घरं चौदा-पंधरा. मिरज, सांगली, कोल्हापूर, नगर या भागांतून नोकरीनिमित्त आलेली माणसं: नर्स, औषध कंपनीतले कामगार, दोन ड्रायव्हर, एक शाळेतला क्लार्क. गोव्यातला ख्रिस्ती समाज बहुतांशी कॅथलिक, आणि त्याची प्रार्थनेची भाषा कोकणी. आम्ही प्रॉटेस्टंट आणि मराठी. साळवे, पाटोळे अशी आडनावं असलेले लोक ख्रिस्ती कसे, हे इथे शेजाऱ्यापाजाऱ्यांना समजावून सांगावं लागतं. भाड्याच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी चारला उपासना, त्यानंतर चहा, आणि सगळे घरी.

मंडळीत एक निवृत्त नर्स आहेत. वय सदुसष्ट, शिक्षण मिरजेचं, सगळे त्यांना मावशी म्हणतात. त्यांच्या यजमानांना एकदा पणजीजवळच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात अकरा दिवस ठेवावं लागलं. तेव्हा व्हरांड्यात बसलेली माणसं मावशींनी पाहिली. बरीचशी सिंधुदुर्गातली. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ला, कुडाळ इकडच्या माणसाला मोठं दुखणं आलं की हद्द ओलांडून गोव्याला येणं हाच जवळचा मार्ग. २०१८ च्या सुरुवातीला गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले होते, इतकं हे नातं रोजच्या गरजेचं आहे. रुग्णाला वॉर्डात जेवण मिळतं. त्याच्या सोबत आलेली बायको, मुलगा, म्हातारी आई यांचं काय? चहा आणि वडापावावर आठ-आठ दिवस काढलेली माणसं तिथे होती.

यजमान घरी आल्यावर पुढच्याच बुधवारी मावशी सहा डबे घेऊन गेल्या. भाकरी आणि झुणका. वेंगुर्ल्याकडच्या एका आजींनी दोन घास खाल्ले आणि हळूच म्हणाल्या, पेज असती तर बरी झाली असती. मावशी मिरजेच्या, उकड्या तांदळाची पेज त्यांनी जन्मात केली नव्हती. शेजारच्या कोकणी बाईंकडून शिकल्या. पेज, सुकी भाजी, कधी कुळथाची पिठी. सहाचे बारा डबे झाले, बाराचे पंचवीस. आठवड्यातून तीन दिवस. पहिले सात महिने मंडळीत कुणाला याचा पत्ता नव्हता. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, ही प्रभूची शिकवण त्यांनी शब्दशः पाळली होती.

आम्हाला कळलं ते मावशी एके दिवशी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या तेव्हा. यजमानांच्या साखरेच्या गोळ्यांचा हिशोब चुकला होता, पेन्शनमधले पैसे तांदळात चालले होते, आणि घरात यावरून धुसफूस होती. नि:स्वार्थ सेवेबद्दल आपण बोलतो तेव्हा ही बाजू सहसा बोलत नाही. मावशींचा त्याग खरा होता, पण त्याची अर्धी किंमत त्यांना न विचारता त्यांचे यजमान भरत होते.

मंडळीने काम वाटून घेतलं. दर महिन्याच्या अर्पणातून काही रक्कम, चार घरांत आळीपाळीने स्वयंपाक, आणि डबे पोचवायला तरुण संघाची मुलं. इथवर सगळं आनंदाचं होतं.

अडचण

तरुण संघात सत्तावीस वर्षांचा एक मुलगा होता. हा मंडळीत जन्मलेला नव्हे. दारूपायी घर सोडलेला, सांगलीच्या एस. टी. स्टँडवर झोपणारा. तिथे कुणा अनोळखी माणसाने त्याच्या हातात एक पत्रिका ठेवली: बायबलमधलं एक वचन, एक फोन नंबर. त्या नंबरावर त्याने फोन केला, आणि तिथून त्याचं आयुष्य फिरलं. अशा माणसाला 'कागदाने काय होतं?' असं विचारण्यात अर्थ नाही. त्याचं सगळं कागदानेच झालं होतं.

त्याने स्वतःच्या पगारातून दोनशे पत्रिका छापून घेतल्या. एका बाजूला वचन, दुसऱ्या बाजूला 'तुमच्या रुग्णासाठी आम्ही प्रार्थना करू' आणि त्याचा मोबाइल नंबर. कुणाला न सांगता त्याने पिशवीत प्रत्येक डब्याखाली एकेक ठेवली. तीन खेपा कुणी काही बोललं नाही. दोन फोनही आले, आणि त्याने रात्री उशिरापर्यंत त्या लोकांशी बोलून त्यांना धीर दिला. हे मला नंतर कळलं, आणि ते विसरता कामा नये.

चौथ्या खेपेला दोडामार्गाकडच्या एका माणसाच्या हाती तो कागद लागला. त्याची आई अतिदक्षता विभागात होती. त्याने डबा उघडलाच नाही, तसाच परत आणून मुलाच्या पुढ्यात ठेवला. "आईक बरी करूक इलव हय, बाटूक नाय."

मुलाने तिथे वाद घातला, ही दुसरी चूक. तो माणूस म्हणाला, आमची कुलदेवी शांतादुर्गा, ती केळोशीहून कवळ्याला कुणामुळे न्यावी लागली? मुलगा म्हणाला, ते पोर्तुगीज होते, कॅथलिक होते, आमचा त्यांच्याशी संबंध नाही. इतिहास म्हणून ते खरं आहे. पण ज्याची आई आत व्हेंटिलेटरवर आहे त्याला पंथांमधला फरक सांगून काय पोचणार? मंगेश कुशस्थळीचा, शांतादुर्गा केळोशीची. सोळाव्या शतकात दोन्ही दैवतं जुवारी नदीपलीकडे हलवावी लागली आणि इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, १५६० पासून १८१२ पर्यंत इथे होतं, हे या भागातल्या घराघरांत आठवणीने सांगितलं जातं. 'बाटवणं' हा शब्द इथे पुस्तकातला नाही.

आवाज वाढले. माणसं जमली. सुरक्षारक्षक आला, मग कार्यालयातून एक अधिकारी. आमच्याकडे डबे वाटायची कुठलीही लेखी परवानगी नव्हती. मावशींची ओळख होती, तेवढ्यावर चाललं होतं. त्यांनी त्या दिवसापासून वाटप बंद करायला सांगितलं. त्यांच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं.

त्या संध्याकाळी सोळा डबे भरलेले परत आले.

बैठकीत मांडलेले पर्याय

दोन दिवसांनी पाळकसाहेबांच्या घरी बैठक झाली. वडीलमंडळ (मंडळीचा कारभार पाहणारी माणसं), मावशी, तरुण संघाचे तिघे. साडेतीन तास चालली. सगळं लिहीत नाही, जिथे गाडी अडली तेवढंच लिहितो.

पहिला प्रस्ताव काम थांबवण्याचा. क्लार्कचं काम करणाऱ्या वडीलमंडळातल्या एका सदस्यांना पोलिसांची भीती वाटत होती, आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. त्यांनी कायदा नीट मांडला: घटनेचं कलम २५ धर्माचा प्रसार करण्याचा हक्क देतं, पण १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. शिवाय आमिषाचा आरोप झाला तर पेजेचा डबा हेच आमिष ठरेल. त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

दुसरा प्रस्ताव याच्या अगदी उलट, त्या मुलाचा. तो रडत होता. म्हणाला, "पोट भरून पाठवायचं आणि जीव वाचवणारी गोष्ट सांगायची नाही, ही कसली प्रीती? मला त्या माणसाने फक्त चहा पाजला असता तर मी दुसऱ्या दिवशी परत दारूच्या गुत्त्यावर असतो." त्याच्या या वाक्याला बैठकीत कुणी पुरेसं उत्तर दिलं असं मला आजही वाटत नाही.

तिसरा प्रस्ताव मधला, आणि तो सगळ्यांत जास्त लोकांना पटलेला: डबे द्यायचे, पण आपण ख्रिस्ती आहोत हे कुठेही कळू द्यायचं नाही. एखाद्या समाजसेवी मंडळाचं नाव घ्यायचं. मला स्वतःला हाच बरा वाटला होता.

त्याला मोडता घातला तो मंडळीतल्या सर्वांत वृद्ध गृहस्थांनी. ते केडगावच्या बाजूचे, पंडिता रमाबाईंबद्दल त्यांच्या आजीकडून ऐकत वाढलेले. त्यांनी शारदा सदनची गोष्ट काढली. ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवा मुलींसाठी हे सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. धर्म शिकवायचा नाही या बोलीवर. विधवा मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. पण बाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, आणि काही मुली येऊन बसत. १८९३ साली त्यावरून पुण्यात गदारोळ झाला. रानडे, भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. "बाईंनी दार लावून घेतलं असतं तर सदनाला ओरखडा उठला नसता," आजोबा म्हणाले. "पण त्या दाराआड काय चाललंय असं लोकांनी आयुष्यभर विचारलं असतं. आणि मुलींना बळजबरीने आत बोलावलं असतं, तर लोक म्हणाले ते खरं ठरलं असतं."

मग आम्ही एक तास नुसते त्या दाराबद्दल बोलत बसलो. डब्याखालचा कागद हे उघडं दार होतं का? नव्हतं. उघड्या दारातून माणूस स्वतःच्या पायाने येतो किंवा येत नाही. हा कागद त्याच्या जेवणाबरोबर त्याच्या हातात गेला होता. उद्या पुन्हा डबा लागणार आहे हे माहीत असलेला माणूस तो कागद परत करू शकत नाही. दोडामार्गच्या माणसाने केला, कारण तो चिडलेला होता. बाकीचे गप्प बसले; त्या गप्प बसण्याला आम्ही होकार समजलो होतो.

आणि नाव लपवणं? तेही दार नव्हे, ती भिंत. चार महिन्यांनी कुणाला तरी कळेल की पेज ख्रिस्ती घरातली होती, आणि त्याला फसवल्यासारखं वाटेल. आमच्या हातचं न खाण्याचा त्याचा हक्क आम्ही परस्पर काढून घेतलेला असेल.

मावशी तोवर काहीच बोलल्या नव्हत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "प्रभूंनी दहा कुष्ठरोगी बरे केले. आभार मानायला परत आला एकच. उरलेल्या नवांचा रोग परत आला असं शास्त्रात कुठं आहे?"

केलेली कृती

ठरलं ते असं. रुग्णालयाकडे लेखी अर्ज करायचा आणि त्यात मंडळीचं नाव स्पष्ट लिहायचं. परवानगी मिळेपर्यंत एकही डबा न्यायचा नाही. डब्याबरोबर काहीही छापील जाणार नाही, वचन नाही, नंबर नाही. डबा देण्याआधी देणाऱ्याने सांगायचं: आम्ही ख्रिस्ती आहोत, जेवण शाकाहारी आहे, चालत असेल तर घ्या. कुणाचा फोन नंबर, गाव, जात विचारायची नाही. कुणी आपणहून विश्वासाबद्दल विचारलं तर खरं उत्तर द्यायचं, थोडक्यात, आणि डबे वाटून झाल्यावर. प्रार्थना हवी असं कुणी म्हटलं तर ती बाहेर बागेतल्या बाकावर. रुग्णाच्या खाटेपाशी कधीही नाही, आणि आजार बरा होईल असा शब्द देऊन तर मुळीच नाही.

'आम्ही ख्रिस्ती आहोत' हे आधीच सांगायची सूचना मावशींची. वडीलमंडळातल्या दोघांचा विरोध होता: तोंड उघडायच्या आत धर्म कशाला सांगायचा? मावशी म्हणाल्या, म्हणजे त्यांना नको म्हणता येईल. हाच या प्रकरणातला सर्वांत मोठा निर्णय होता असं मी समजतो, आणि तो आम्ही जेमतेम दहा मिनिटांत घेतला.

परवानगीला सात आठवडे लागले. त्या काळात मावशींच्या शेजारणीने, सांकवाळच्या माहेरवाशिणीने, आम्हाला संत जुझे वाझांची गोष्ट सांगितली. ते गोव्याचेच, १६५१ साली बाणावलीला जन्मलेले. डच अमलात कॅथलिकांवर बंदी होती म्हणून मजुराच्या वेषात लंकेत शिरले. कँडीच्या बौद्ध राजाने हेर समजून आधी कैदेत टाकलं. १६९७ मध्ये कँडीत देवीच्या रोगाची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळाले, तेव्हा वाझांनी कुणाचा धर्म न विचारता त्यांची सेवा केली, मेलेल्यांना मूठमाती दिली. राजाने त्यांना मोकळेपणी काम करू दिलं. कॅथलिक संताची गोष्ट आमच्या प्रॉटेस्टंट हॉलमध्ये साक्ष म्हणून सांगितली गेली ती बहुधा पहिल्यांदाच. ऐकताना मला त्या क्रमाचं महत्त्व कळलं: साथीच्या आजाऱ्याकडून वाझांनी काही मागितलं नव्हतं.

परिणाम

परवानगी मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात पंचवीस डब्यांतले अकरा परत आले. 'आम्ही ख्रिस्ती' म्हटल्यावर लोक मान हलवायचे आणि नजर वळवायचे. मुलं नाराज झाली. मावशी नाही म्हणणाऱ्यालाही 'आई कशी आहे?' विचारून पुढे जायच्या. दुसऱ्या आठवड्यात सात परत आले, महिन्याभरात रोज एखाद-दुसरा. एका सोमवारी कुणीतरी म्हणालं, आज उपास आहे; पुढच्या सोमवारपासून चार डबे साबुदाण्याचे असतात.

दोडामार्गचा तो माणूस पुन्हा दिसला नाही. त्याच्या आईचं काय झालं ते आम्हाला माहीत नाही. मावशी अजून तिच्यासाठी प्रार्थना करतात.

लोक विचारतात का? विचारतात. पण प्रश्न वेगळेच असतात: "तुमका ह्येचे पैसे कोण देता?" आम्हीच वर्गणी काढतो म्हटलं की पुढचा प्रश्न, "कित्या?" मुलांनी सुरुवातीला यावर लांबलचक उत्तरं दिली. आता एक ड्रायव्हरकाका सांगतात तेच सगळे सांगतात: "आमच्यासाठी प्रभू येशूने केलं, आम्ही न मागता. म्हणून." बहुतेकजण 'बरा' म्हणून डबा उघडतात. काही बागेतल्या बाकापाशी येतात. गेल्या दोन वर्षांत यातून कुणी मंडळीत सामील झालं का, असं एका पाहुण्या पाळकांनी विचारलं. नाही. कुडाळच्या एका बाई मात्र पती बरे होऊन गेल्यावर दिवाळीत उकड्या तांदळाची अर्धी गोणी घेऊन आल्या आणि मावशींच्या ओट्यापाशी बसून दोन तास भाजी चिरून गेल्या. मावशींनी त्यांना 'कशाला त्रास?' म्हटलं नाही, याचं मला कौतुक वाटतं. घेता येणं हेही सेवेतच येतं, आणि देणाऱ्याला ते फार उशिरा जमतं.

मावशींचे यजमान आता डब्यांची वही ठेवतात. मावशी आठवड्यातून एकदाच जातात.

वेगळं काय करता आलं असतं

परवानगी पहिल्या दिवशी घ्यायला हवी होती, हे उघड आहे. मावशींचं काम सात महिने कुणाला कळलं नाही यात आमचीही चूक होती. रविवारी चहा घेताना त्यांच्या सुकत चाललेल्या चेहऱ्याकडे कुणी पाहिलं नाही.

त्या मुलाशी आम्ही वाईट वागलो. बैठकीनंतर त्याला 'तू काही दिवस डब्यांच्या कामात नको' असं सांगितलं, तेही दुसऱ्याकरवी. तो आठ महिने उपासनेला आला नाही. त्याच्याजवळ जे होतं, आपल्याला मिळालेलं दुसऱ्याला द्यायची तळमळ, ते आमच्यापैकी अनेकांजवळ नव्हतं. चूक जागेची होती. तळमळीची नव्हती, आणि हे त्याला त्याच रात्री घरी जाऊन सांगायला हवं होतं. शेवटी पाळकसाहेब गेले. आता तो म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, मिरच्या आणि चवरीस (गोव्याची सॉसेजं) विकणाऱ्या बायांच्या रांगेपलीकडे, शुभवर्तमानाच्या पुस्तिका घेऊन उभा राहतो. ज्याला हवी तो थांबतो, बाकीचे बाजाराची पिशवी सावरत पुढे जातात. शनिवारी तो नारळ खवायला येतो.

एका निर्णयाबद्दल मात्र माझं मन अजून स्वस्थ नाही. सावंतवाडीच्या एक बाई, नवरा तीन आठवडे वॉर्डात, बाकापाशी रोज येत होत्या. एकदा म्हणाल्या, रविवारी तुमच्या उपासनेला येऊ का? आमचा नियम असा झाला होता की रुग्ण दाखल असेपर्यंत कुणाला उपासनेला बोलवायचं नाही, कारण त्या दिवसांत माणूस मोकळा नसतो. मी तो नियम त्यांना समजावून सांगितला. नवरा घरी गेला की अवश्य या, म्हणालो. त्यांनी मान हलवली. नवरा त्या गुरुवारी गेला, बरा होऊन नव्हे. शववाहिका निघाली तेव्हा मी रुग्णालयात नव्हतो.

नियम त्या मोकळ्या राहाव्यात म्हणून होता. पण त्या आपल्या पायाने दारापर्यंत आल्या होत्या. त्या रविवारी मी त्यांच्या शेजारी बाकावर बसून उपासनेतलं एखादं स्तोत्र वाचलं असतं, तर नियमही मोडला नसता. वडीलमंडळाच्या पुढच्या बैठकीत हा नियम पुन्हा चर्चेला आहे. मी त्यात बदल सुचवला आहे आणि क्लार्ककाकांचा विरोध आहे.